पहिली मूठ कोणाच्या हातची

रिठद,
१२ जानेवारी १९४७

प्रिय इंद्रभान,

तुझं पत्र आणि सोबतचा पुण्याच्या साप्ताहिकाचा अंक, दोन्ही पोचले. अंकातला तुझ्या बोलपटावरचा मजकूर मी आईला दोनदा वाचून दाखवला. सरत्या वर्षातला सर्वांत उत्तम मराठी बोलपट, कथालेखकानं वऱ्हाडातलं खेडं हुबेहूब उभं केलंय, वगैरे. तिनं अंक माझ्या हातातून घेतला आणि देवापुढे नेऊन ठेवला. आता तो मला परत मिळेलसं दिसत नाही. तू मात्र लिहितोस की, अक्का पाहून काय म्हणते ते कळेपर्यंत हे कौतुक तुझ्या अंगी लागत नाही. शिवाय विधवेच्या पेरणीच्या प्रसंगाला गावोगावी हुल्लड होते, तो लोकांना खोटा वाटतो, म्हणून कंपनीचे मालक तो कापायला निघालेत. आणि आता तुझंही मन डळमळतंय. तेव्हा मी हातचं काही न राखता लिहिते.

परवा रिसोडच्या बाजारतळावर तंबूत तुझा बोलपट लागला. मी आणि पंचफुला काकी बैलगाडीनं गेलो, बायकांच्या बाजूला सतरंजीवर पुढेच जागा धरली. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मी काकीचा हात इतक्या जोरात दाबला की तिला वळ उठले. पण हुबेहूब म्हणशील तर नाही रे बाबा. तुझी नायिका निंदायला जाते ती परीटघडीचं लुगडं नेसून. कापूस वेचणीच्या गाण्यात मागे आषाढातली वीतभर ज्वारी डोलते. आणि पेरताना ती बाई दाणे चक्क हवेत उधळते, लग्नात अक्षता टाकाव्या तशी. तिफणीच्या चाड्यातून दाणे सोडायचे असतात, हे तिच्या गावीच नाही! काकी म्हणाली, "हे पेरून राह्यली का पाखरायले जेवू घालून राह्यली?" बायकांची सगळी बाजू हसली. अरे, तू तिफणीमागे चाललेला माणूस, तू हे कसं चालू दिलंस? त्या साप्ताहिकवाल्यांना माफ आहे, तुला नाही.

मग तो प्रसंग आला. सासरा विधवा सुनेच्या ओटीत बियाणं घालतो आणि पहिली मूठ तिला धरायला सांगतो. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. आपल्याच गावचा जगदेव उठून म्हणाला, "असं कोठी रायते का? पहिली मूठ सवाशिनीची. पुन्याच्या लोकायले काय समजते पेरनीतलं." माझे कान तापले. कारण ते पुण्यात सुचलेलं नाही, आपल्याच वावरात घडलेलं आहे. तू सासरा केलास, पण तो माणूस आपला बाबा होता. कपाळ पुसून मी माहेरी आले त्याच वर्षीचा मृग. तू अकोल्याच्या शाळेतून सुट्टीत आला होतास, बैल तूच धरले होतेस. आई रडत आडवी आली, म्हणाली, साऱ्या वावराला अवदसा लागेल. बाबा एवढंच बोलला, "भर वं ओटी, प्रयाग. माह्या वावरात कोनाची मूठ चालते, ते मी ठरवीन."

इथवर तू खरं लिहिलंस आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. पण पुढे? तुझ्या बोलपटात पीक छातीएवढं येतं, गाव तोंडात बोट घालतो आणि सुनेची आरती होते. तसं काही झालं नव्हतं, इंद्रा. तू अकोल्याला परत गेलास आणि मग पावसानं दीड महिना दडी मारली. निम्मंही पिकलं नाही. गावानं खापर माझ्यावर फोडलं, मी विहिरीवर जाणं बंद केलं. पुढच्या मृगाला बाबानं पुन्हा माझीच ओटी भरली. पहिल्या वर्षी एखादा करून जाईल. दुसऱ्या वर्षी, सारा गाव बोट दाखवत असताना त्यानं केलं, तो खरा बाबा. तो तुझ्या बोलपटात नाही. वर्षाचं बक्षीस द्यायचं की नाही ते पुण्याचे लोक ठरवोत. मी त्या एका प्रसंगासाठी देईन आणि शेवटासाठी तुझा कान धरीन.

तंबूत मी गप्प बसले नाही, हेही सांगते. उभी राहिले आणि जगदेवला म्हटलं, "जगदेवभाऊ, ते मी होय. दौलतरावची पोरगी. इसरला का?" यंत्र चालूच होतं, पण माणसं माझ्याकडे बघत होती. जगदेव खाली बसला. पुन्हा शिट्टी झाली नाही. तू माझ्या नावाला बोल लागेल म्हणून आजवर गोष्ट लपवलीस, ते प्रेमानंच. आता लपवू नकोस.

म्हणूनच हे पत्र नीट, शाईनं लिहिलंय. ते तुझ्या मालकांपुढे ठेव आणि प्रसंग कापू देऊ नकोस. रिठदच्या प्रयागबाईची खरी गोष्ट, असं खुशाल छापा म्हणावं. एकटीची साक्ष पुरणार नाही म्हणून माझ्या सहीखाली तिघींचे अंगठे घेतलेत. पंचफुला काकी आणि खालच्या आळीतली चंदाबाई, दोघी माझ्यासारख्याच विधवा, आता आपापल्या वावरात पहिली मूठ स्वतः धरतात. तिसरा अंगठा आईचा आहे. तुला कळवायचं राहिलं होतं: बाबा गेल्यावरच्या मृगात मी तिफणीपाशी गेले, तर ती माझ्याआधीच ओटी भरून उभी होती. आज तिचा अंगठा पुसट उठला. कचेरीत चालायचा नाही म्हणाली, आणि माझ्याकडून शाई मागून तिनं तो पुन्हा उठवला.

तुझा कान धरणारी, तुझीच
प्रयागअक्का