सईचं रक्त आणि भाभीचे अंजीर

४ ऑगस्ट, सोमवार
सईचा रिपोर्ट आला. रक्त साडेआठ. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या देते, पण रोजच्या जेवणातही खजूर, अंजीर, मनुके येऊ द्या. माझा उपास, त्यामुळे खजूर घरी होतेच. तिच्यापुढं ठेवले तर तोंड फिरवलं. कारण मला माहीत आहे. उन्हाळ्यात तिनं ओटीच्या डब्यातली खारीक घेतली, तेव्हा चार बायकांदेखत मीच बोलले होते, "खारीक-खोबरं बाळंतिणीचं असतंय. तू बाळंतीण हायेस का?" बायका हसल्या. पोरगी दहावीत आहे. बोलायला नको होतं. पण आमच्यात खारीक ओटीत, बाळंतपणात, नाहीतर उपासाला. रोज भाजीत कोण घालतं?

८ ऑगस्ट, शुक्र.
घालतं म्हणे. शेजारची रेहानाभाभी. नवरा स्टँडसमोर फळांचा गाडा लावतो, घरात सुका मेवा असतोच. सई तिच्या मुलीकडं अभ्यासाला जाते नि जेवूनच येते. आज काय होतं विचारलं.
"मेथी. मनुके घालून."
मेथी! माझ्या घरात मेथी केली की बाईसाहेबांच्या पोटात दुखतं.

१३ ऑगस्ट
करून बघितलं. ओटीतल्या जुन्या खारका कुटल्या, लापशीत घातल्या. कुटून हाताला फोड आला. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. सई म्हणाली, "भूक न्हाई."
तासाभरानं भाभीकडं.

२१ ऑ.
जळते मी तिच्यावर. इथं कोण वाचतंय, लिहून टाकते. पोटची पोर माझी अन् घास तिच्या हातचा. भाभी वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. आज मन मारून विचारलं, जर्दाळू कसे करता ओ?
"रातीला भिजवायचे ताई, अन् त्याच पाण्यात डाळ शिजवायची. पानी फेकायचं न्हाई."
मी आठवडाभर मनुक्यांचं पाणी मोरीत ओततेय. तिनं काही लपवलं नाही, हातचं राखलं नाही. त्याचाही राग आला.

२ सप्टें.
जर्दाळू घालून तुरीची डाळ. पाणी फेकलं नाही. सई बसली, चक्क भाकरी कुस्करली. चार घास पोटात गेले. मला वाटलं, झालं.
"भाभीसारखी झालीय," म्हणाली.
मी तिच्यापुढचं ताट उचललं. तिचं जेवण व्हायचं होतं.
ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

१६ सप्टें., मंगळ.
पुन्हा तपासणी. अकरा! डॉक्टरीणबाई खूश. "आई, चांगलं केलंत. काय काय दिलंत?" मी घडाघडा सांगितलं. भिजवलेले अंजीर, मनुक्यांची मेथी, खजुराची आमटी. सगळं भाभीचं. सई खाली मान घालून बसली होती.
परतताना जीपमध्ये म्हणाली, "खोटं कावून बोललीस?"
केज येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

१७ सप्टें.
आज भाभीला सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले. अंगणात भांडी घासत होती. फेसाच्या हातानं तशीच उठली.
"काय म्हणल्या डॉक्टर?"
"वाढलंय."
"किती?"
अकरा अगदी ओठावर आलं होतं. "थोडंच," म्हणाले.
तिचा चेहरा उतरला. "असू द्या ताई. आपण अजून जोर लावू. रोज पाठवा तिला."
आपण म्हणाली. मी मागे फिरले. सई आमच्या दारातच उभी, सगळं ऐकलेलं. माझ्याकडं न बघता चपला घातल्या नि तिकडं गेली.
सात वाजून गेले, अजून आली नाही. डाळ झाकून ठेवलीय. खरा आकडा सांगत असेल तिला. सांगू दे, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तरी सांगू दे. पण जेवून येऊ नये.