बिलं लागत नाहीत

९ जून, रहिमतपूर
डॉ. जाऊन अडीच महिने. त्यांचं शेवटचं रिटर्न आता मी, बायकोने, वारस म्हणून भरायचं. मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत! दवाखान्याची बिलांची वही पूर्ण केली. सिरिंजा, स्पिरिट, व्हिजिटचं पेट्रोल. डिंकाने चिकटवून, नंबर घालून. कॉन्व्हेंटचं वळण, खाडाखोड नाही.

१२ जून, सातारा
सी.ए.ने वही उघडलीसुद्धा नाही.
"मॅडम, डॉक्टरांचं निम्म्याचं कलम आहे. जमा फीच्या निम्मा खर्च सरकार धरूनच चालतं. बिलं लागत नाहीत."
"यंदापासून?"
"छे, आठ वर्षं झाली. त्यांनीच निवडलं होतं."
आठ वर्षं. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून. दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "आता बिलांचं तू बघ." मग रोज संध्याकाळी समोर बसून पावत्या वाचून दाखवत होते ते काय? एकदा पेट्रोलची पावती हरवली म्हणून मी दोन दिवस बोलले नाही. तेही ऐकून घेतलं. मला न सांगता...
तिथला चहा घेतला नाही.

१३ जून
आठही वह्या रद्दीत काढल्या. दुपारी परत आत आणल्या.

१५ जून, सांगली
धाकट्या बहिणीकडे आले. सुमन म्हणते, "ताई, तुला रिकामी ठेवली असती तर तू दवाखान्यात जाऊन पेशंटांचं इंग्रजी सुधारलं असतंस." हसली. माझ्याकडे बघून थांबली.
म्हणजे दया केली. मला कोणाची दया नको होती. त्यांची तर नाहीच.

१८ जून, रहिमतपूर
कंपाउंडर बापू दवाखान्याची किल्ली द्यायला आला. विचारलं, तुला माहीत होतं?
"व्हय की बाई. एखाद्या दिवशी बिलच नसायचं, तवा डॉक्टर मलाच पिटाळायचे. जा, कापूस तरी घेऊन ये, बाई आज काय लिहितील? आता कपाटात लय कापूस हाय. काय करू त्याचं?"
"कसे म्हणायचे रे? वैतागून?"
"आवं, आता कसं सांगू... घाईत असायचे. सातनंतर पेशंट घेत नव्हते."
घाई कसली? बिलांतून सुटायची, का घरी यायची? एवढंच कळायला हवं होतं. आणि ज्यांना विचारायचं ते...

२१ जून
सी.ए.चा फोन. "मॅडम, ओटीपी आलाय तेवढा सांगा. रिटर्न गेलं की डॉक्टरांचं सगळं संपलं."
चष्मा सापडत नाही म्हटलं. डोळ्यांवरच होता.