पश्चिमेच्या खोलीचे माप

मी, लटारू बकाराम निकुरे, वय एकसष्ट, राहणार बल्लारशा, जिल्हा चांदा, कोळसा खाणीच्या कारखान्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भरीस घालण्याने नव्हे, तर डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बाकीचे विचारू नये.

धाकटा मुलगा मुखरू गेल्या पावसाळ्यात भामरागडकडे लाकडाच्या कामावर असताना तापाने गेला. पुराने वाट बंद होती. बातमी पोचली तेव्हा त्याला माती देऊन झाली होती. तेव्हापासून मला काही वाटत नाही. रडूही आले नाही.

घर माझ्या कमाईचे आहे. ओसरी व पूर्वेच्या दोन खोल्या थोरला मुलगा नथ्थू याला. पश्चिमेची खोली परसासह मुखरूची बायको कमळा हिला, पूर्ण मालकीने. सोबत नकाशा जोडला आहे. त्यावर पट्टी ठेवून माप काढू नये, कागद आक्रसतो. लिहिलेला आकडा खरा धरावा.

मोजणी पश्चिमेच्या भिंतीपासूनच करावी. एका खोलीच्या मापाला दुसरे जोडत गेले की प्रत्येकाची चूक पुढच्याच्या गळ्यात पडते आणि शेवटचा माणूस अडचणीत राहतो. जी चूक साचायची ती नथ्थूच्या ओसरीत साचू दे.

हे लिहिण्याचे कारण असे की, नथ्थूने मधला बांबूचा तट्टा आताच कमळाच्या बाजूला सरकवला. विचारले तर म्हणाला, "बाबा, सूट तं तुमच्या नकाशातही रायते. तिले एकटीले काऊन पायजे इतकी जागा?" नकाशातली सूट मीच त्याला शिकवली, ते शिकवणे असे फळाला आले. सूट म्हणजे हात चुकला तर माफी. ठरवून बळकावायची जागा नव्हे. म्हणून खोलीची आतली रुंदी दहा फूट. अधिक चालेल, उणे मुळीच नाही.

माझी कंपासपेटी कारखान्यातले नूर मोहम्मद टर्नर यांना. मी 'सूट ठेवा' म्हणालो, त्यांनी 'सूत ठेवा' ऐकले आणि पंपाचा दांडा अख्खे सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बारीक केला. दांडा भोकात खुळखुळला, बोलणी मी खाल्ली. अजून म्हणतात, "लटारूभाऊ, तुमी सूतच म्हनलं होतं." राग गेलेला नाही, तरी पेटी त्यांनाच द्यावी.

कमळाने पाट लावून दुसरे घर केले तर तिचा हिस्सा जाईल, असे नथ्थू लोकांत बोलतो. जाणार नाही. तिने खोली विकली तरी कोणी अडवू नये.

वडशाहून तिचे भाऊ दोनदा न्यायला आले. "मामाजीले भात कोण रांधून देईन?" म्हणून ती माझ्यासाठी, सासऱ्यासाठी, गेली नाही. मीही तिला जा म्हटले नाही. ती गेली तर या घरात मुखरूचे नाव घेणारे कोणी उरणार नाही, याची मला भीती वाटते. तेवढे एक वाटते. हे वाचले जाईल तेव्हा भात खायला मी नसेन. कमळा, माय, आता तू जा.

सही: लटारू बकाराम निकुरे

लटारूभाऊंनी आम्हा दोघांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत:
१. देवाजी झिंगू मोहुर्ले, शाळामास्तर
२. बाबूभाई, किराणा दुकानदार

मुक्काम बल्लारशा, ता. ९ फेब्रुवारी १९५८