मी यंत्र का मागितलं

प्रिय भोंगाबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी अजून आहे. अक्षर माझं नाही हे तुला कळलंच असेल. माझं अक्षर असतं तर ते कुणालाच वाचता आलं नसतं, मलासुद्धा. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त टायपिस्टबाई आहेत, त्यांचं पित्ताशय काढलंय, त्या उतरवून घेताहेत. आयुष्यभर साहेबांची पत्रं लिहिली, त्यामुळे मी ‘तू’ म्हटलं की त्यांचा हात ‘आपण’कडे वळतो. मी त्यांना बजावलंय, बाई, बोलते तसंच्या तसं लिहा, माझी लाज झाकायला जाऊ नका. त्या म्हणाल्या, नातीला पत्र लिहिण्यात कसली आलीय लाज? मी म्हटलं, लिहीत राहा, येईलच ती.

इकडची खुशाली अशी, की रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि गालांना जरा रंग आला. तुझा बाप रोज संध्याकाळी येतो, स्टुलावर बसतो आणि सलाईनच्या थेंबांकडे बघत राहतो, जसा काही हिशेब त्यालाच द्यायचाय. तुझी आई माझ्या उशाचं कपाट तिसऱ्यांदा आवरून गेली. त्यात एक फणी आणि चष्म्याचं घर आहे, आवरणार तरी किती! तुझ्या दादाचं बाळ आता पळायला लागलंय म्हणे, आणि धरायला मी नाही म्हणून दारामागे जाऊन मला शोधतं. हे ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं. तुझ्या आईला वाटलं मला झोप आली. तू मात्र दोन दिवसांत फिरकली नाहीस. का, ते मला ठाऊक आहे.

परवा मोठे डॉक्टर आले तेव्हा तू बाकीच्या शिकाऊ डॉक्टरांबरोबर त्यांच्या मागे फाइल छातीशी धरून उभी होतीस. त्यांनी खुर्ची ओढली, कागदावर माझं आतडं काढलं आणि उजव्या बाजूला, गाठीपाशी, फुली मारली. म्हणाले, आजी, एवढा तुकडा काढायचा आणि दोन टोकं जोडायची. पोट फाडायचं नाही, लहान भोकांतूनच, पण त्याचे दोन रस्ते आहेत. दुर्बिणीने केलं तर मी तुमच्या शेजारी उभा राहून लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करीन आणि दुसरं कुणीतरी कॅमेरा धरून मला मोठ्या पडद्यावर आतलं दाखवील. रोबोने केलं तर मी तिथेच, पण बाजूला बसून जसे हात हलवीन, तसेच त्याचे हात तुमच्या पोटात हलतील, आणि कॅमेराही तोच धरील. मी विचारलं, तो आपल्या मनाने काही कापणार नाही ना? ते म्हणाले, छे, मी हलवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच की! खोलीभर हशा झाला, तूही हसलीस. तिथेच मी तोंड मिटायला हवं होतं.

पुढे ते म्हणाले, तुमच्या गाठीला दोन्ही चालेल, रोबोला तयारीत जरा जास्त वेळ जाईल, तुमचं मन काय म्हणतं ते सांगा. तेव्हा तू पुढे आलीस. वाकून हळू म्हणालीस, आजी, दुर्बिणीने करायचं ठरलं तर कॅमेरा मी धरीन, सरांनी परवानगी दिलीय, मी तुझ्यापाशीच असेन. आणि मी ताडकन म्हणाले, नको गं बाई, यंत्रच बरं, त्याचा हात तरी थरथरत नाही.

माझ्या आजाराचा रिपोर्ट आल्यापासून तुझे हात थरथरताहेत. पाण्याचा पेला मला देतानाही तू तो दोन्ही हातांनी धरतेस. मला ते दिसत होतं, आणि मी नेमकं तिथेच बोट घातलं, तेही तुझ्या सरांसमोर. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फाइल मिटलीस. लहानपणी तुझं रडणं सुरू झालं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून तुला भोंगा म्हणायचे. परवा एक शब्द नाही. भोंगा परवडला असता.

काल मोठे डॉक्टर एकटेच आले. म्हणाले, आजी, तुमच्या नातीने शस्त्रक्रियेचं शिक्षण सोडायचा अर्ज दिलाय. ती म्हणते, जिला घरातल्या माणसाचा आजार ओळखता आला नाही, तिने परक्यांची पोटं उघडू नयेत. अर्ज मी खणात ठेवलाय, पण तो किती दिवस ठेवणार? तुम्ही काही बोललात का तिला? मी चादरीचे काठ जुळवत बसले.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. मी दमते म्हटलं, तर तू वय झालं म्हणालीस आणि लोहाच्या गोळ्या दिल्यास. तू तरी काय करणार, गेल्या वर्षीची तपासणी स्वच्छ आली होती ना! झाकणाला काडी असलेली ती शौचाच्या तपासणीची नळी तू मला आणून दिलीस. पोटात कुठे लपून रक्त जातंय का, ते त्यातून कळतं म्हणालीस. कागद मला वाचता येत नाही म्हणून तीनदा समजावलंस, आणि इतक्या मोठ्याने, की जणू मला वाचता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसावं. दुसऱ्या दिवशी मी नळी भरून हातात ठेवली तेव्हा तू माझी पाठ थोपटलीस. निकाल आला तर घरभर फोन, आजी ठणठणीत! मी आपली हसत राहिले.

यंत्र मी तुझ्या हाताला भिऊन मागितलं नाही. मला वाटलं, त्या मोठ्या पडद्यावर माझं पोट दिसलं की गाठ किती जुनी आहे ते तुला कळेल, आणि मग सगळंच कळेल. परकं कुणी बघितलं तर बघू दे, तू नको. काल मी मोठ्या डॉक्टरांना विचारून घेतलं, रोबोचा कॅमेरा पडद्यावर दाखवत नाही ना? ते म्हणाले, दाखवतो की, चांगलं मोठं करून. म्हणजे तुझं मन मोडलं ते मोडलंच, आणि लपलं तर काहीच नसतं.

म्हणून हे पत्र. त्या नळीत माझं काही नव्हतं, बाळा. मला त्याआधी दोनदा शौचात रक्त दिसलं होतं. तुझी वहिनी सोमवारपासून कामावर जाणार होती, आठ महिन्यांचं बाळ माझ्या भरवशावर राहणार होतं. मला वाटलं, आता कळलं तर मला खाटेवर टाकतील आणि बाळ दुसऱ्याच्या हाती देतील. लंगोट समोरच पडला होता. त्यातलं काडीभर घेतलं आणि झाकण लावलं. ठणठणीत होतं ते बाळाचं आतडं. टायपिस्टबाईंनी इथे लेखणी खाली ठेवली, पोटावरचे टाके धरून हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी ती पुन्हा उचलली. तुझी नजर चुकली नव्हती, तिच्यापुढे मी दुसऱ्याचंच ठेवलं होतं. वर्षभर तू मला गोळ्या देत होतीस आणि मी त्या मुकाट गिळत होते. हे पत्र मोठ्या डॉक्टरांना दाखव, तुझ्या बापाला दाखव, आणि तो अर्ज परत घे. आज सकाळी मी डॉक्टरांना सांगितलंय, दुर्बिणीनेच करा. कॅमेरा तू धर असं मी म्हणणार नाही, ते मागायला मला आता तोंड नाही. दुसरं कुणी धरील. पण गुरुवारी सकाळी मला आत न्यायच्या आधी ये आणि काय बोलायचं ते बोल. भूल दिल्यावर बोललीस तर मला ऐकू येणार नाही, आणि मला ते ऐकायचंय.

तुझीच, तुझ्या तोंडून चार शब्द ऐकायचं बाकी असलेली,
आजी