वर्षश्राद्धाचं ताट

जॉर्जटाऊन, पिनांग
२ ऑगस्ट १९८७

चि. स्वी इम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मजकूर चार ओळींचा, त्यात दोन ओळी हवेच्या. क्वालालंपूरला शाई महाग झाली की काय?

तुझ्या आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात सव्वीस तारखेला येतं. देवळातून तिथी काढून आणली. शनिवार आहे, म्हणजे तुला रजेचं निमित्त सांगता येणार नाही. मी ठरवलंय, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. या बेटावर जे जे उत्तम मिळतं ते ते तिच्या फोटोपुढे मांडायचं. पुलाउ टिकुसच्या म्हातारीकडची कालवांची पोळी, आयर इतामचा लाक्सा, तो माशांच्या आंबट रश्श्यातल्या शेवयांचा, मार्केटामागचं भाजलेलं बदक. आणि टकल्या चूअनच्या गाडीवरच्या चपट्या नूडल्स, बदकाचं अंडं फोडून. चूअन हल्ली गॅसवर परततो. मी त्याला गाडीसमोरच सुनावलं की गॅसवरचं मी जिवंत माणसाला वाढत नाही, गेलेल्याला काय वाढू? चार गिऱ्हाइकं हसली. शेवटी त्या दिवसापुरती कोळशाची शेगडी बाहेर काढायला कबूल झाला. या शहरात तुझ्या बापाच्या, बून कीटच्या, जिभेला अजून मान आहे.

तू आणि जावईबापू शुक्रवारीच या. रात्री सगळे बाहेर जेवू. एक नवीन खेकडेवाला सापडलाय, त्याच्याबद्दल समक्षच बोलू.

इकडील सर्व ठीक. लोभ आहेच, तो जेवणाच्या वेळी वाढतो.

तुझा
पा


क्वालालंपूर
११ ऑगस्ट १९८७

ति. पा यांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आम्ही सुखरूप आहोत. यांना बढती मिळाली.

तुमचा बेत वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. त्यात म्हातारी आहे, चूअन आहे, त्याची शेगडी आहे, तुमची जीभ आहे. आई कुठे आहे ते सापडलं नाही. पान तिचं आहे ना? मग त्यावरचा प्रत्येक पदार्थ तुमच्या आवडीचा कसा?

मी वाद घालायला लिहीत नाही. एकच विचारते. आईला काय आवडायचं? या बेटावरच्या एका पदार्थाचं नाव लिहून पाठवा. तुमचा आणि तिचा संसार चाळीस वर्षांचा, तेव्हा प्रश्न कठीण नसावा. मला उत्तर माहीत आहे, कारण हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तिने ते माझ्याकडे मागितलं आणि मी ते आणून तिला भरवलं. तुम्ही तेव्हा तिच्यासाठी उत्तम पेज कुठे मिळते ते शोधत शहरभर फिरत होता.

बरोबर नाव आलं तर शुक्रवारच्या गाडीने येईन. चुकीचं आलं तर येणार नाही. राग मानू नये.

आपली
स्वी इम


जॉर्जटाऊन
१७ ऑगस्ट १९८७

चि. स्वी इम हिस आशीर्वाद.

परीक्षा घेतेस काय बापाची? घे. मी या शहरातल्या कुठल्या गाडीवाल्याने कोणत्या साली सोया सॉस बदललं ते सांगू शकतो, बायकोची आवड सांगता येणार नाही होय? जावईबापूंना बढतीबद्दल शाबासकी सांग.

उत्तर आहे कालवांची पोळी. मागोमाग चूअनच्या नूडल्स. पुरावाही देतो. मी कुठेही गेलो की तीन-चार घासांवर थांबतो, पुढच्या गाडीसाठी पोटात जागा ठेवावी लागते. खवय्याचं ते पहिलं पथ्य. पण तुझ्या आईने माझ्या शेजारी बसून प्लेट कधी अर्धी ठेवली नाही. माझीसुद्धा ओढून घ्यायची आणि शेवटच्या कालवापर्यंत पुसून खायची. म्हातारी तिला बघून खूश व्हायची, म्हणायची, खाणारी खरी ही, तू नुसता चाखणारा. आवडल्याशिवाय कोणी असं खातं का?

तेव्हा गाडीचं तिकीट काढ. खेकडेवाल्याला सांगून ठेवलंय. तो आता मला बघितलं की आपणहून मोठा खेकडा बाजूला काढतो.

लोभ वाढवत जा, रुसवे कमी कर.

तुझा
पा


क्वालालंपूर
२४ ऑगस्ट १९८७

ति. पा यांस नमस्कार.

उत्तर चुकलं.

कालवं खाल्ली की आईच्या अंगावर गांधी उठायच्या. घरी आल्यावर ती मोरीत बसून दंडांना गुलाबी औषध चोपडायची, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत म्हातारीने पीठ किती सरसरीत कालवलं होतं ते शेजाऱ्यांना सांगत असायचात. प्लेट ती का पुसायची? पान अर्धं टाकून उठलं तर गाडीवाल्याला वाटतं आपला हात बिघडला. तुम्हाला पुढच्या गाडीची घाई, मान राखायचं काम तिचं. तुम्ही गरम गरम तीन घास खाल्लेत. तिने आयुष्यभर तुमचं उरलेलं, गार झालेलं खाल्लं.

घरचं तर बोलायलाच नको. पाहुण्यांदेखत तिच्या रश्श्याला तुम्ही पाणचट म्हणायचात आणि सगळे हसायचे. मीही हसायची, मला वाटायचं आमचे पा गमतीचे आहेत.

सव्वीस तारखेला मी घरी येणार नाही. तुम्ही तुमचं पान मांडा. प्रकृतीस जपावे, डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली आहे.

स्वी इम


जॉर्जटाऊन
३० ऑगस्ट १९८७

चि. ग्वात सिम हिस आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ असावी. बालिक पुलाउ काही परदेशात नाही, डोंगर ओलांडला की तुझं घर. पण समोर येऊन विचारण्यासारखं तोंड नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या भाचीने मला कोड्यात टाकलंय. म्हणते, आईला काय आवडायचं ते सांगा, तरच येते. मी सांगितलं, ते चुकलं म्हणे. तेव्हापासून मी रोज जेवायला बसलो की आठवून बघतो. तुझ्या ताईला, ग्वात चूला, मी कधी विचारलंच नाही असं नाही. विचारायचो. ती म्हणायची, तुम्हाला हवं ते मागवा. मी मागवायचो. यात माझं काय चुकलं?

तू तिची सख्खी धाकटी बहीण. तुला माहीत असणारच. एका ओळीत नाव कळव, मी जिथे असेल तिथून आणीन. तिच्या पानावर ते असलंच पाहिजे, आणि स्वी इम घरी आलीच पाहिजे. तिच्याशिवाय श्राद्ध म्हणजे माझा एकट्याचा तमाशा होईल.

तुझ्या गुडघ्यांना आता आराम असेल. लोभ असावा, आणि उत्तर उलट टपाली यावं.

तुझा
बून कीट


बालिक पुलाउ
५ सप्टेंबर १९८७

ति. दाजींना नमस्कार.

गुडघे तसेच आहेत. विचारलंत, बरं वाटलं. ताई होती तेव्हा विचारायची सवय नव्हती तुम्हाला.

ताई दर महिन्याला देवळाचं निमित्त सांगून माझ्याकडे यायची, आठवतं? देऊळ झालं की आम्ही बाजारातल्या एका दुकानात जायचो. ती रस्त्याकडे पाठ करून बसायची. एकच प्लेट मागवायची, वाफा निघत असलेली, आणि एकटीने सगळी खायची. मलासुद्धा घास द्यायची नाही. म्हणायची, सिम, तू तुझं वेगळं मागव, हे माझं आहे. खाताना एक शब्द बोलायची नाही. शेवटी कपाळावरचा घाम पुसून असं हसायची की मला आमचं लहानपण आठवायचं.

एकदा मी तिला म्हटलं, अगं दाजींना घेऊन ये की, एवढे खाण्याचे शौकीन. तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ते येतील, तीन घास खातील, चमचा खाली ठेवतील आणि यात काय कमी आहे ते सांगतील. आणि त्यांचं बरोबरच असेल, त्यांची जीभ खोटी नाही. पण मग पुढच्या वेळेपासून मलाही ते कमी लागायला लागेल. एवढं एकच राहिलंय माझं, ते त्यांना सांगू नकोस.

मी तिला शब्द दिला. माणूस गेलं म्हणून शब्द जात नाही. तेव्हा नाव सांगणार नाही. दुकानं शोधत हिंडू नका, इथला बाजार लहान आहे, मला कळेल.

तुमची
ग्वात सिम


जॉर्जटाऊन
२८ सप्टेंबर १९८७

चि. स्वी इम हिस आशीर्वाद.

तू आली नाहीस. शुक्रवारी मी फेरीच्या धक्क्यावर जाऊन उभा होतो. जाऊ दे.

तुझ्या मावशीने सगळं लिहिलं. वाचून मला आधी राग आला, मग काय आलं ते सांगता येत नाही. मी दुकान शोधायला गेलो नाही. एवढं तरी माझ्या नावावर लाव.

शनिवारी पान मांडलं. ताट बघून शेजारचे बघतच राहिले. कालवं गाळली. बदकाचं कातडं असं कुरकुरीत होतं की सुरी लावताच आवाज आला. उदबत्त्या लावल्या आणि तुझी आई करायची तशी दोन नाणी टाकून विचारलं, झालं का जेवून? एक छापा एक काटा पडला तर हो. दोन्ही काटे पडले. म्हटलं, सावकाश होऊ दे. थोड्या वेळाने पुन्हा टाकली, पुन्हा नाही. वाटलं नूडल्स गार झाल्या असतील, चूअनकडून ताज्या करून आणल्या. नाही. लाक्सा बदलला. नाही. दुपारपर्यंत शेजारचे कंटाळून गेले. मी फोटोवर चिडलो, मग हात जोडले, मग परत चिडलो. एका पदार्थासाठी माणूस अख्खं ताट नाकारतं का ग?

होकार मिळाल्याशिवाय पान उचलायचं नसतं हे मलाही कळतं. संध्याकाळपर्यंत बदकाचं कातडं लोळागोळा झालं, मुंग्या लागल्या. शेवटी मी तिच्या परवानगीशिवायच आवरलं. एक घासही खाल्ला नाही, खरंच सांगतो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ती उपाशी गेली असं वाटतं. आता काय करायचं ते तू सांग. तुझी आई असती तर तिला विचारलं असतं.

लोभ नसला तरी उत्तर असावं.

तुझा
पा


क्वालालंपूर
४ ऑक्टोबर १९८७

ति. पा यांस नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आई दर वर्षी तुमच्या आईवडिलांचं पान मांडायची तेव्हा नाणी दोनदा टाकायची. आधी विचारायची, आलात का? होकार आला की उदबत्ती अर्धी जळू द्यायची, आणि मग विचारायची, झालं का जेवून? तुम्ही बाहेरून यायचात ते दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी, कारण त्यानंतर तुम्हाला ताटाला हात लावता यायचा. पहिला प्रश्न तुम्ही कधी ऐकलाच नाही.

ती आलीच नव्हती, पा. जी आली नाही तिला तुम्ही दिवसभर जेवलीस का म्हणून विचारत राहिलात.

ती इकडे होती. शनिवारी पहाटे मी मावशीकडे उतरले. मावशीने ओट्यावर आईचा तरुणपणीचा फोटो ठेवला. मी बाजारातून एकच प्लेट आणली, धावत आणली म्हणजे वाफ जायला नको. मावशीने विचारलं, ताई, आलीस का? पहिल्याच खेपेला एक छापा एक काटा. आम्ही दोघी पाठ फिरवून बसलो, तिला निवांत खाऊ दिलं. मग विचारलं, झालं का? तेव्हाही पहिल्याच खेपेला हो म्हणाली. मावशी खूप रडली.

तेव्हा ती उपाशी गेली ही चिंता करू नका. पोटभर जेवून गेली, गरम आणि एकटी.

परतताना फेरीकडे जाणारी बस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. मी उतरले नाही.

स्वी इम


जॉर्जटाऊन
१२ ऑक्टोबर १९८७

चि. स्वी इम हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुम्ही दोघींनी बरं केलंत. हे लिहायला मला आठवडा लागला.

परवा बाहेर जाऊन खाऊन आलो. राहवलं नाही. उत्तम जमलं होतं, आणि ते कळलं याचीच लाज वाटली. या वयात जीभ कुठे टाकून देऊ?

नाणी फोटोपुढेच पडली आहेत. प्रश्न आता मला कळलाय. रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहतो. आलीस का, एवढंच विचारायचं असतं. पण हात उचलत नाही. बदकाने नाही म्हटलं, नूडल्सनी नाही म्हटलं असं अजून मनाला समजावता येतं. हे विचारल्यावर नाही आलं तर ते मलाच असेल.

तिला विचारायचा धीर होत नाही, म्हणून तुला विचारतो. तू येशील का? खेकडेवाल्याला काही सांगितलेलं नाही. जेवायला म्हणून नको. नुसती येशील का?

उत्तराची घाई नाही.

तुझा
पा