दहाव्याला दिलेला शब्द

धायरी, पुणे
४ ऑगस्ट २०२५

ती. अक्का हीस,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

आज सोमवार. सकाळी दूध आणलं, पूजा केली. दहा वाजता पृथ्वीराजबरोबर डॉक्टरांकडे गेलो, एक वाजता परत आलो. पिठलं-भात केला. पोरगा जेवून बिबवेवाडीला त्याच्या घरी गेला.

डॉक्टरांकडे का, ते सांगतो. मागच्या मंगळवारी न्हाणीत पाय सरकून खाली बसलो. लागलं काही नाही, पण उठता येईना. नळ धरला, बादली धरली, गुडघ्यावर यायला बघितलं. पायात जोरच नाही. पृथ्वीराज संध्याकाळी फोन करतो. उचलला नाही म्हणून तो आला, तोवर तीन तास तिथेच बसून होतो. त्याच्याकडे किल्ली आहे हे बरं.

डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत. करोनात अकरा दिवस दवाखान्यात पडून होतो आणि पुढची चार वर्षं खुर्चीत काढली, त्यात स्नायू गेले. नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचलायला हवीत. नाहीतर वर्षभरात उठायला-बसायला माणूस लागेल. आधी मी आणि दाजी रोज जिमला जायचो, हे पृथ्वीराजने लगेच सांगून टाकलं. डॉक्टरांना ते फार आवडलं. उद्यापासूनच जा म्हणाले. जिमला मी जाणार नाही. घरी जमेल तेवढं करीन.

आजारानंतर तुझे कान गेले, त्यामुळे फोनवर हे सांगता येत नाही. नवीन मशीन लावतेस, की डबीत ठेवतेस? नम्रताला आशीर्वाद.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
जयसिंग


कराड
१३ ऑगस्ट २०२५

चि. जयसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मशीन डबीत आहे. ते लावलं की नम्रताच्या सासूबाईंचं सगळं ऐकू येतं. हे नम्रताला कळवू नकोस. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तेवढं सांभाळावं लागतं.

तीन तास न्हाणीत बसून होतास आणि लागलं काही नाही म्हणून लिहितोस. वाचता वाचता मी पत्र खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

जिमला जाणार नाहीस एवढं लिहिलंस, का ते लिहिलं नाहीस. रिटायर झाल्यावर तुम्ही दोघं अर्ध्या चड्ड्या आणि पांढरे बूट घेऊन आलात, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. सगळ्यांत जास्त मीच हसले. ह्यांची साखर खाली आली तेव्हा हसणं बंद केलं. तू सहाला पाच कमी असतानाच दारात स्कूटरचा हॉर्न वाजवायचास आणि हे चहा अर्धा टाकून पळायचे. आडवं पडून दांडा उचलायचा तेव्हा जोडीदाराने डोक्याशी उभं राहून तो सांभाळायचा असतो, हे ह्यांनी मला खाटेवर पडून लाटणं घेऊन दाखवलं होतं. मला डोक्याशी उभं केलं होतं. पोळी तव्यावर करपली.

हे नाहीत म्हणून जाववत नाही का? तसं असेल तर मला कळतं. मीही धायरीचं घर बंद करून इथे आले ते त्याचमुळे. पण मी हिंडते-फिरते आहे. तू पडलास तर उचलायला कोण आहे? दर वेळी पृथ्वीराज वेळेवर येईलच असं नाही.

कारण लिही. तब्येत बरी आहे, पाऊस बरा आहे, असलं पत्र धाडू नकोस.

काळजी करणारी,
तुझी अक्का


धायरी, पुणे
२४ ऑगस्ट २०२५

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

कारण लिहितो. चार वर्षं लिहायचं टाळलं.

दाजींच्या दहाव्याला तू आणि नम्रता नव्हतात. दोघीही आजारी होतात. मी दवाखान्यातून सुटून तीन दिवस झाले होते. नदीवर आम्ही पाचच माणसं. दाजींचे भाऊ बाबुराव यांनी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली येईनात. बाबुरावांनी हात जोडून सांगितलं की वहिनींची काळजी करू नका. मग सांगितलं की नातीच्या शिक्षणाचं आम्ही बघू. मग शेताचं सांगितलं. एकही कावळा हलला नाही. तास गेला. गुरुजींना पुढे आणखी चार दहावे होते. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ.

मला ते सहन होईना. दाजींचं काय राहिलंय ते मला माहीत होतं. अक्का, त्या मार्चमध्ये दाजी म्हणाले होते की पेशंट वाढायला लागलेत, महिनाभर जिम नको. मी म्हणालो, एवढं कमावलेलं महिन्यात जाईल, घाबरता काय. रोज येऊन हॉर्न वाजवला. चार एप्रिलपर्यंत आम्ही गेलो. मग सरकारने जिम बंद केल्या. सहा तारखेला आम्हा दोघांनाही ताप आला. मी वाचलो.

तर मी पिंडापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, दाजी, आता पुन्हा जिमची पायरी चढणार नाही. कावळा लगेच खाली आला. वाक्य संपायच्या आधी आला म्हटलं तरी चालेल. बाबुरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी दुःखाने बोललो.

गेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे. तो कसा मोडायचा?

आणखी एक. तू मला दोष देतेस का, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारतो. खरं असेल ते लिही.

उत्तराची वाट बघतो.
जयसिंग


कराड
१६ सप्टेंबर २०२५

चि. जयसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

आधी तुझा प्रश्न. हो, दोष दिला. पहिली दोन वर्षं तुला माझी राखी मिळाली नाही. टपालात हरवली असेल असं मी कळवलं होतं. ती मी पाठवलीच नव्हती. तिसऱ्या वर्षी पाठवली. आता मनात काही नाही असं लिहिलं तर खोटं होईल. थोडं आहे. पण हे काही शाळेतलं पोर नव्हते. नको असतं तर हॉर्न ऐकून उठले नसते. माझ्या हाकेला तरी कधी पहिल्यांदा उठले?

रविवारी ह्यांची अष्टमी होती. नम्रताने पितराचं पान वाढलं. खीर, वडे, अळू, गवार, भोपळा. मी पान गच्चीवर नेलं. नमस्कार केला आणि ह्यांना म्हणाले की जयसिंगने तुम्हाला दिलेला शब्द त्याला परत द्या, त्याच्या जिवावर बेतलं आहे. कावळे शेजारच्या टाकीवर होते. पाऊण तास उभी राहिले. एकही आला नाही. नम्रता दोनदा बोलवायला आली. मी पुन्हा विनवलं. रागावलेसुद्धा. नाहीच आले. शेवटी पान खाली आणलं आणि गाईला घातलं.

नम्रता म्हणाली, मामाला शिवला म्हणून लिहून टाक, त्याला काय कळणार आहे. मी लिहिलं असतं. पण राखीचं एक खोटं मला पुरे झालं.

तेव्हा ह्यांनी परवानगी दिलेली नाही. ती मी देते. ह्यांना राग आला तर तो माझ्यावर. चव्वेचाळीस वर्षं त्यांचे राग सोसले आहेत, आणखी एक सोशीन. तुम्ही दोघं तापाने एकाच आठवड्यात दवाखान्यात गेलात आणि मला एक परत मिळाला. तो मला अंथरुणाला खिळलेला नको आहे. तू जिमला जा. मी थोरली आहे. ही विनंती नाही.

जाऊन आलास की कळव. नाही गेलास तरी कळव.
तुझी अक्का


धायरी, पुणे
२५ सप्टेंबर २०२५

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पितृपक्ष संपू दिला. नंतरचे तीन दिवस तयार होऊन खालपर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो. आज गुरुवारी गेलो.

जिम पहिल्या मजल्यावरच आहे. खालच्या पायरीशी उभा राहिलो. मागून एक बाई आल्या आणि काका, जायचंय ना, म्हणाल्या. मी बाजूला झालो. त्या गेल्या. मग कठडा धरून चढलो. दाजींना काही म्हणालो नाही.

जिमचा मालक संभाजी आधी ओळखेना. किती वाळलात काका, म्हणाला. मग दाजी कुठे आहेत, म्हणून विचारलं. त्याला माहीत नव्हतं. गावाला गेले असतील असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. सांगितलं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, वेळ कशी पाळायची ते नव्या पोरांना अजून तुमच्या जोडीचं नाव घेऊन सांगतो.

त्याने स्टुलावरून दहा वेळा उठायला-बसायला लावलं. सातव्यापासून हात टेकावा लागला. नंतर आडवं पडून नुसता दांडा, वजन न लावता. पूर्वी आम्ही नुसत्या दांड्याला हातही लावत नसू. संभाजी डोक्याशी उभा राहायला आला. मी त्याला दुसरीकडे जायला सांगितलं. तो गेला नाही. चार वेळा उचलला. पाचव्यांदा अर्ध्यात अडकला, तो त्याने धरला.

बरं वाटलं असं लिहीत नाही. शब्द मोडला तो मोडलाच, आणि तो मी मोडला. त्याचं ओझं तू घेऊ नकोस. परवा पुन्हा जाणार आहे. एक दिवसाआड यायला सांगितलं आहे.

घरी येऊन दूध तापवलं, दोन भाकरी टाकल्या. हात भरून आले होते म्हणून एक वाकडी झाली. तीच आधी खाल्ली.

मनात थोडं आहे म्हणालीस, ते राहू दे. त्याच्या शेजारी लोभही राहू दे.

बनियन आणि टॉवेल बादलीत भिजत घातला आहे. पत्र इथे थांबवतो आणि ते धुऊन दोरीवर टाकतो.

तुझा,
जयसिंग