ताप माझा होता

चि. शालू, सुखी राहा असं कोणत्या तोंडानं लिहू?

तुझ्या सातव्या महिन्यात मी तापानं फणफणले, तवा कपाळावर ओल्या घड्या तूच ठेवल्या. "लांब हो," म्हणलं तर हसलीस, "आत्याबाई, मला काय होतंय!" चौथ्या दिवशी तूच अंथरूण धरलं.

बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, तापाचा विषाणू वारेपर्यंत पोचला, वार खराब झाली. पोटात असताना रोगाशी लढायची ताकद बाळाला आईकडून वारेतून मिळते. ती हिला पुरती मिळाली नाही." मला सगळं समजलं.

तरी बाराव्या दिवशी पोर गेली अन् बाया जमल्या, तवा मी म्हणाले, "हिनं ग्रहणात विळी धरली." तू त्या दिवशी विळीला शिवलीसुद्धा न्हाईस.

तू राजूरला माहेरी गेलीस. माझा भागवत तुला आणायला निघत न्हाई, माझ्याच बोलण्यावर अडून बसलाय. काल ताटावर बसून त्यानं विचारलं, "आई, खरंच धरली होती का तिनं विळी?"

मी म्हणाले, "जेव बाबा, भाकर गार होऊन राह्यली."

तुझी अपराधी,
आत्याबाई